धर्मकाट्याच्या पोटातील विद्या

स्मरणिकेत आम्ही बाजारभाव, साठवण अथवा करपद्धती यांवर लिहावे अशी व्यापारी बंधूंची अपेक्षा असणार. तथापि यंदा ज्या विद्येविषयी आम्ही लेखणी उचलीत आहोत, ती आपल्या आडतीपासून वाटते तितकी दूर नाही. डिजिटल हार्डवेअर व एम्बेडेड सिस्टिम यांची रचना करण्याचा व्यवसाय पत्करावा, असे आपल्या घरांतील मुलेमुली म्हणू लागली आहेत. आणि वडीलधारी मंडळी ‘म्हणजे काँप्युटरचेच ना?’ असे विचारून विषय संपवितात. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु ज्या काट्याच्या भरवशावर धामनोदच्या बाजारात गहू, मका, सोयाबीन घेतले, त्याच्या पोटात काय आहे हे समजून घेण्याचा आम्ही हट्ट धरला, तेव्हा हा विषय थोडाबहुत उलगडला.

मालमोटार धर्मकाट्यावर चढते, तेव्हा तिच्या खालील लोड सेल नावाचे पोलादी ठोकळे डोळ्यांस न दिसण्याइतके दबतात. त्यांस चिकटविलेली धातूची बारीक पट्टी त्याबरोबर ताणली वा आखडली जाते, तिचा विद्युतरोध किंचित बदलतो, आणि त्यातून विजेचा अतिसूक्ष्म दाब हाती येतो. सर्वसाधारण लोड सेल पूर्ण भाराखाली दर व्होल्टामागे सुमारे २ मिलिव्होल्ट देतो. १० व्होल्ट पुरविले तर २० मिलिव्होल्ट. आता ६० टनी काट्यावर १० किलोचा फरक दाखवावयाचा, तर या २० मिलिव्होल्टांचे ६००० भाग पाडावे लागतात. म्हणजे एक भाग व्होल्टाच्या सुमारे ३ दशलक्षांशाएवढा! शेजारी मोटार सुरू झाली, ऊन चढले, जोडपेटीत ओल शिरली, की हा दाब ढळू पाहतो. त्याचे अंकांत रूपांतर करणारी चिप, त्या अंकांतील गोंधळ गाळून टाकणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवर मावलेला छोटा संगणक, आणि त्यात कायमचा भरलेला प्रोग्रॅम, या सर्वांची मिळून एम्बेडेड सिस्टिम होते. ती एकच काम अहोरात्र करते. तिने चूक केली तर शेतकऱ्याचा दाम जातो आणि आमची पत जाते.

गणित हा वाण्याचा प्रांत. म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७१ साली अमेरिकेतील इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्याचा उगम जपानच्या बिझिकॉम कंपनीला हव्या असलेल्या हिशेबयंत्रात होता. बेरीज-वजाबाकीच्या गरजेतूनच हा सारा पसारा उभा राहिला, ही आपल्या पेढ्यांना अभिमानाची बाब नव्हे काय?

या व्यवसायाच्या दोन वाटा आहेत. तयार चिप घेऊन यंत्र घडविणे ही एक. खुद्द चिपची आखणी करणे ही दुसरी. दुसरीतील विचारपद्धती निराळीच. मुनीम खतावणीत एकामागून एक नोंदी करतो, प्रोग्रॅमही बहुधा तसाच चालतो. परंतु चिपमध्ये एका घंटेसरशी शेकडो हमाल एकाच वेळी पोते उचलतात. व्हेरिलॉगसारख्या भाषेत त्यांची मांडणी लिहावयाची असते, आणि एखादा हमाल घंटेआधी पोहोचला नाही तर सारा माल बिघडतो. चिप एकदा कारखान्यात ओतली गेली की तीत खाडाखोड नाही. यास्तव आखणीपेक्षाही तपासणीवर अधिक काळ खर्च होतो, आणि तपासणी करणाऱ्यांना मागणीही मोठी असते. शिकणाऱ्याने आधी एफपीजीए या पुन्हा पुन्हा मांडता येणाऱ्या चिपवर हात बसवावा.

तयारी कशी करावी? अकरावी-बारावीचे गणित व पदार्थविज्ञान पक्के असावे. पुढे इलेक्ट्रॉनिक्सची पदवी. सी ही भाषा अंगवळणी पडली पाहिजे. मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप व डाग देण्याची कला हातांत असावी. आणि चिपसोबत मिळणारी माहितीपत्रिका, जिला डेटाशीट म्हणतात, ती शेकडो पानांची असली तरी वाचता आली पाहिजे. आमच्या परिचयातील एका तरुणाने शहरातील एका वर्गास मोठी फी भरून तीन महिन्यांत प्रमाणपत्र मिळविले. मुलाखतीत त्याच्यापुढे डेटाशीटचे एक पान ठेवले गेले, आणि तो तेथेच अडला. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का मात्र होता!

दूर जाण्याचे कारण नाही. इंदूरला १९५२ सालची श्री गोविंदराम सेकसरिया संस्था आहे, २००९ सालची आयआयटी आहे. गोविंदराम सेकसरिया हे मुंबईचे कापसाचे व्यापारी. सांगलीच्या १९४७ साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास नाव आहे ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचे. आपल्याच पेशातील, आणि वालचंद तर आपल्याच समाजातील. पदवीनंतर पुण्याच्या सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिमचा सुमारे सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रमही आहे. त्यास प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

खरी अडचण पैशाची नाही, धीराची आहे. एका हंगामात भाव आला नाही तर माल काढून मोकळे व्हावे, ही आपली रीत धान्यास शोभते. या विद्येस पदवीची चार वर्षे, आणि हात मुरण्यास वर दोन-तीन लागतात. एवढ्या काळात मुलाचा चुलतभाऊ दुकानात बसून कमावू लागलेला असतो. मुलीच्या बाबतीत तर सोयरिकीची बोलणी मध्येच सुरू होतात. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्त्या वर्षावर्षाने न देता पूर्ण अभ्यासक्रमासाठी एकदम मंजूर व्हाव्यात, अशी सूचना आम्ही येत्या सभेत मांडणार आहोत.

आमची नात यंदा बारावीस आहे. तिचे काका तिला वाणिज्य शाखेचे फायदे अजूनही ऐकवितात. तिने काहीशे रुपयांत लोड सेल, एचएक्स७११ नावाची चिप व आर्डुइनोचा फलक मागवून एक लहान काटा जुळविला, आणि आमच्या वडिलांच्या वेळची पितळी वजने त्यावर ठेवून पाहिली. सकाळी आकडा बरोबर येतो. दुपारी उन्हात काही ग्रॅम सरकतो. तपमानाचा हिशेब प्रोग्रॅममध्ये कसा घालावा, हे ती सध्या वाचीत आहे.