नाममुद्रा बदललेले जुने यांत्रिक कळफलक

एका कंपनीने घडवलेल्या, परंतु दुसऱ्या कंपनीच्या नावाने विकल्या गेलेल्या संगणकाच्या कळफलकास नाममुद्रा बदललेला कळफलक म्हणतात. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्विच असतो. १९८० आणि १९९० च्या दशकांतील असे बरेच कळफलक या पद्धतीने विकले गेले. त्यांच्या दर्शनी भागावरील नाव विक्रेत्याचे असल्यामुळे आतील स्विच, कळांच्या टोप्यांचे प्लॅस्टिक आणि बांधणी यांविषयी त्यावरून फारसे कळत नाही. संग्राहकांच्या दृष्टीने मूल्य मात्र याच गोष्टींना असते. परिणामी अपरिचित नावाचा उत्तम कळफलक भंगारात जातो आणि प्रसिद्ध नावाच्या सामान्य कळफलकास अवास्तव किंमत मिळते.

पार्श्वभूमी

आयबीएमने १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यानंतर त्याच्याशी सुसंगत संगणक विकणाऱ्या कंपन्या झपाट्याने वाढल्या. त्यांपैकी बहुतेकांकडे कळफलक घडवण्याची यंत्रसामग्री नव्हती. साचे तयार करणे खर्चिक असल्याने कळफलक तयार विकत घेऊन त्यावर आपले नाव छापणे त्यांना सोयीचे पडे. अमेरिकेतील की ट्रॉनिक आणि मॅक्सी स्विच, जर्मनीतून काम करणारी चेरी, जपानमधील आल्प्स आणि एनएमबी, तैवानमधील चिकोनी, बीटीसी आणि सिलिटेक हे अशा पुरवठादारांपैकी प्रमुख होत. अॅपलच्या लिसा (१९८३) आणि कॉम्पॅकच्या पहिल्या पोर्टेबल या परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या संगणकांचे कळफलक एकाच की ट्रॉनिकने पुरवले होते.

आयबीएमच्या ‘मॉडेल एम’ या कळफलकाबाबत नाव आणि उत्पादक यांचे नाते काळानुसार बदलत गेले. वाकणाऱ्या स्प्रिंगवर चालणारा हा कळफलक सुरुवातीस आयबीएम स्वतः तयार करीत असे. १९९१ मध्ये आयबीएमचा हा विभाग वेगळा होऊन लेक्समार्क ही कंपनी निर्माण झाली. लेक्समार्कने १९९६ मध्ये कळफलकांचे उत्पादन थांबवल्यावर केंटकी राज्यातील लेक्झिंग्टन येथे युनिकॉम्प ही कंपनी स्थापन झाली आणि तिने ते साचे व यंत्रे घेतली. त्यामुळे दर्शनी बाजूस आयबीएमचेच बोधचिन्ह असले तरी मागील पट्टीवर कधी आयबीएम, कधी लेक्समार्क, तर कधी युनिकॉम्प किंवा मॅक्सी स्विच असे निर्मात्याचे नाव आढळते.

मागील पट्टीचे वाचन

ओळख पटवण्याचे काम कळफलक उलटा करून सुरू होते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या बहुतेक कळफलकांच्या मागे एफसीसी क्रमांक असतो. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९७९ मध्ये संगणकीय उपकरणांतून होणाऱ्या रेडिओ उत्सर्जनासंबंधी नियम केले. त्यानंतर उपकरणांवर हा क्रमांक दिसू लागला. या काळातील क्रमांकाची पहिली तीन चिन्हे परवानाधारक कंपनीची खूण असतात. ‘ई८एच’ ही खूण चिकोनीची, ‘ई५एक्स’ बीटीसीची, ‘सीआयजी’ की ट्रॉनिकची आणि ‘एक्यू६’ एनएमबीची आहे. समोर कोणतेही नाव असले तरी क्रमांक ‘ई८एच’ ने सुरू होत असेल, तर कळफलक चिकोनीचा असण्याची शक्यता फार मोठी असते.

या पुराव्याला मर्यादा आहे. परवाना उत्पादकानेच घेतला पाहिजे असे बंधन नाही. अॅपलच्या कळफलकांवर ‘बीसीजी’ ही अॅपलचीच खूण असते आणि प्रत्यक्ष कोणत्या कारखान्याने तो घडवला, हे तीवरून समजत नाही. युरोपात विकल्या गेलेल्या अनेक कळफलकांवर हा क्रमांक नसतोच. अशा वेळी अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा-चाचणी संस्थेचा ‘ई’ ने सुरू होणारा नस्ती क्रमांक उपयोगी पडू शकतो. आतील मुद्रित पट्टीवरील ‘९४व्ही-०’ ही अक्षरे मात्र नमुना क्रमांक समजू नयेत. ती पट्टीच्या अग्निरोधकतेची श्रेणी असून असंख्य निरनिराळ्या उपकरणांत आढळतात.

चेरीच्या बाबतीत पट्टी अधिक बोलकी असते. दुसऱ्यांसाठी बनवलेल्या कळफलकांवरही चेरी अनेकदा आपला क्रमांक कायम ठेवत असे. त्यात ‘जी८०’ म्हणजे एमएक्स स्विच, ‘जी८१’ म्हणजे एमवाय, ‘जी८३’ म्हणजे रबरी घुमट आणि ‘जी८४’ म्हणजे कमी उंचीचा एमएल स्विच. काही वेळा मूळ क्रमांक नव्या नावातच शिल्लक राहतो. सर्व्हरच्या मांडणीत बसणारा, ट्रॅकबॉल असलेला कॉम्पॅकचा एमएक्स-११८०० हा चेरीच्या जी८०-११८०० चाच अवतार आहे.

कालनिश्चिती

पट्टी फाटलेली किंवा पुसलेली असल्यास काळ अन्य खुणांवरून ठरवता येतो. पाच टाचण्यांचे मोठे गोल जोडटोक जुन्या पिढीचे. सहा टाचण्यांचे लहान जोडटोक आयबीएमच्या १९८७ मधील पीएस/२ संगणकांबरोबर आले. तळाशी एक्सटी आणि एटी यांमध्ये बदल करणारे छोटे बटण असेल, तर कळफलक साधारणपणे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील किंवा १९९० च्या आरंभीचा असतो. विंडोज कळ १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डबरोबर आली, म्हणून ती असलेला कळफलक त्याहून जुना असू शकत नाही.

कळफलक उघडल्यास अधिक नेमकी माहिती मिळते. आतील चिपांवर बहुधा चार अंकी संकेत असतो. पहिले दोन अंक वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे, म्हणजे ८९३४ असे असल्यास चिप १९८९ च्या चौतिसाव्या आठवड्यातील. कळफलक आपल्या सर्वांत नव्या चिपेहून जुना नसतो. प्लॅस्टिकच्या आतील बाजूस घड्याळासारखे छोटे वर्तुळ उमटलेले असेल, तर त्यातील बाण ओतकामाचा महिना आणि मधले अंक वर्ष दाखवतात.

स्विचची ओळख

मूल्य मुख्यतः स्विचवर ठरते. त्यामुळे एखादी टोपी काढून आत पाहिल्याशिवाय केलेले मूल्यमापन म्हणजे अंदाजच होय. टोपी तारेच्या चिमट्याने सरळ वर ओढावी. स्पेसबार आणि एंटरसारख्या रुंद कळांखाली तारेचा आधार असल्याने सुरुवात त्यांच्यापासून करू नये.

चेरी एमएक्सच्या दांड्यावर अधिकचे चिन्ह (+) दिसते, तर आल्प्सच्या दांड्यात आयताकृती खाच असते. वाकणाऱ्या स्प्रिंगच्या रचनेत टोपी काढल्यावर नळीच्या आत उभी स्प्रिंग दिसते. या खुणाही अंतिम नसतात. चेरीच्या एमवाय स्विचवर अगदी तसेच अधिकचे चिन्ह असून त्यावर एमएक्सच्या टोप्या बसतात. तथापि स्पर्शाच्या दृष्टीने तो अत्यंत सुमार गणला जातो. विक्रेत्याने केवळ चिन्हाचे छायाचित्र दाखवले असेल, तर पट्टीवर ‘जी८०’ आहे की ‘जी८१’ हे विचारणे आवश्यक ठरते.

आल्प्सच्या स्विचबाबत गोंधळ सर्वाधिक आहे. १९८० च्या दशकातील एसकेसीएल आणि एसकेसीएम या मूळ मालिकांत अनेक सुटे भाग असतात, म्हणून संग्राहक त्यांना ‘गुंतागुंतीचे आल्प्स’ म्हणतात. पुढे कमी भागांचे सोपे प्रकार आले आणि तैवानमधील उत्पादकांनी त्यांच्या नकलाही काढल्या. मूळ प्रकारात वरचे कवच चार खिट्यांनी अडकवलेले असते, सोप्या प्रकारांत आणि बहुतेक नकलांत दोन खिट्या असतात. पुष्कळ मूळ स्विचांच्या कवचावर आल्प्सचे नावही उमटलेले असते. दांड्याच्या रंगावरून प्रकार सांगण्याची रीत आहे, पण पांढरा दांडा मूळ आल्प्समध्ये आणि नकलांमध्येही सापडतो.

निळ्या दांड्याचे उदाहरण खरेदीदारांना सर्वांत महागात पडणारे आहे. टिकटिक आवाजाचा आल्प्सचा निळा स्विच अतिशय मागणी असलेल्या स्विचांपैकी एक आहे. लीडिंग एजच्या डीसी-२०१४ या कळफलकात तो आढळतो. एसएमके या दुसऱ्या जपानी कंपनीचाही निळा, टिकटिकणारा स्विच असून त्यावर आल्प्सच्याच टोप्या बसतात. माँटेरे या नावाच्या के१०४ कळफलकांत तो सापडल्यामुळे त्याला बराच काळ ‘माँटेरे निळा’ म्हटले गेले. स्विचचे हे नावदेखील विक्रेत्यावरूनच पडलेले. हा स्विच चांगलाच आहे, तरी त्याची किंमत मूळ निळ्या आल्प्सच्या बरोबरीची नसते. ‘निळा आल्प्स’ एवढ्या वर्णनावर त्याची खरेदी होऊ नये.

एकाच नमुना क्रमांकाखाली निरनिराळे स्विच असणेही सामान्य आहे. अॅपलच्या १९८७ मधील एक्स्टेंडेड कीबोर्डमध्ये (एम०११५) आल्प्सचे नारिंगी किंवा फिकट गुलाबी स्विच आढळतात. १९९० मधील दुसऱ्या आवृत्तीत (एम३५०१) काही नगांत आवाज मंद करणारे आल्प्स, तर काहींत मित्सुमीचे स्विच आहेत. ‘मॉडेल एम’ ही अक्षरेही पुरेशी नाहीत, कारण ‘क्वाएट टच’ नावाच्या रबरी घुमटाच्या कळफलकांवरही ती छापलेली आहेत. गेटवे २००० चा ‘एनीकी’ हा मॅक्सी स्विचने घडवलेला भक्कम कळफलक कळांना हवे ते काम नेमून देण्याच्या सोयीसाठी लक्षात राहिला, पण त्यात स्विचऐवजी रबरी घुमटच आहेत. ‘जुना, जड, म्हणून यांत्रिक’ हे अनुमान येथे फसते.

टोप्या

कळांच्या टोप्या प्रामुख्याने एबीएस किंवा पीबीटी या प्लॅस्टिकच्या असतात. एबीएस वापराने गुळगुळीत होते आणि बहुधा लवकर पिवळे पडते. पीबीटी अधिक टिकते. शंका असल्यास सुटी टोपी मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेल्या पाण्यात टाकतात. तेथे एबीएस तरंगते, पीबीटी बुडते. दोन रंगांचे प्लॅस्टिक एकात एक ओतून केलेली अक्षरे झिजून जात नाहीत. चेरीचे काळे स्विच आणि अशा दुहेरी ओतकामाच्या टोप्या असलेले वाइज कंपनीचे काही कळफलक मुख्यतः टोप्यांसाठी विकत घेतले गेले आहेत. त्यामुळे टोप्यांविना उरलेले सांगाडे बाजारात येतात, त्यांची किंमत साहजिकच कमी असते.

मूल्यनिर्धारण

विक्रेत्याने मागितलेली किंमत हा पुरावा नव्हे. महिनोन्‌महिने न विकलेला कळफलक फक्त अपेक्षा दाखवतो. लिलावाच्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेले व्यवहार पाहावेत. ते पाहतानाही तुलना समान नावाच्या कळफलकांशी न करता समान स्विच, समान टोप्या आणि समान अवस्था असलेल्या कळफलकांशी करावी. अपरिचित नावाच्या खाली प्रसिद्ध कारखान्याचे काम निघाल्यास खरेदीदारास लाभ होतो, पण विकताना तो लाभ आपोआप मिळत नाही. पट्टीचे, स्विचचे आणि चिपेवरील संकेताचे स्पष्ट छायाचित्र दिल्यासच किंमत चढते.

दोष प्रत्येक जातीचे वेगळे असतात. मॉडेल एममध्ये आतील पोलादी पत्रा प्लॅस्टिकच्या बारीक खिळ्यांनी धरलेला असतो. ते खिळे काळाच्या ओघात तुटतात आणि कळफलक हलवल्यावर तुकडे खुळखुळतात. स्क्रू बसवून दुरुस्ती होते, पण ती कष्टाची असते. की ट्रॉनिकच्या फेस व धातुपत्र्याच्या रचनेत फेसाच्या चकत्या कुजतात आणि सगळ्याच बदलाव्या लागतात, तेव्हा ‘काही कळा चालत नाहीत’ याचा अर्थ तेथे ‘एकही भरवशाची नाही’ असा घ्यावा. आल्प्सच्या स्विचमध्ये धूळ गेल्यास कळ खरखरीत होते. साफसफाईने मूळ स्पर्श पूर्णपणे परत येईलच असे नाही, म्हणून धुळीचे आवरण असलेला किंवा खोक्यात राहिलेला आल्प्स कळफलक इतरांहून पुष्कळ महाग असतो. पिवळेपणा हायड्रोजन पेरॉक्साइडने घालवता येतो, म्हणून त्यासाठी किंमत फार पाडू नये. हरवलेली टोपी मात्र गंभीर असते, विशेषतः मांडणी अपारंपरिक असल्यास. मॉडेल एम याला अपवाद आहे, कारण त्याच्या टोप्या युनिकॉम्प विकते.

टर्मिनलसाठी बनवलेल्या कळफलकांची जोडणी आजच्या संगणकाशी थेट होत नाही. रूपांतरक लागतो आणि तो मिळवण्याची वा करण्याची खटपट नको असलेले खरेदीदार दूर राहतात. त्यामुळे हे कळफलक पुष्कळदा आतील स्विचच्या मानाने स्वस्त असतात.

भारतातून खरेदी करताना वाहतूक हा मोठा घटक ठरतो. मॉडेल एमचे वजन दोन किलोंहून अधिक असल्याने परदेशातून मागवण्याचा खर्च कळफलकाच्या किमतीइतका किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो. चेरीच्या निळ्या स्विचांचा टीव्हीएस गोल्ड हा भारतीय नावाचा यांत्रिक कळफलक येथील कार्यालयांत दीर्घकाळ परिचित आहे. जुन्या कार्यालयीन सामानाच्या लिलावात किंवा भंगार बाजारात त्याच्यासह परदेशी बनावटीचे कळफलकही एकगठ्ठा येतात. तेथे तारेचा चिमटा जवळ ठेवून एक टोपी काढून पाहणे पुरेसे होते. विक्रेता त्यास नकार देत असेल, तर रबरी घुमटाच्या कळफलकाला द्यावी तेवढीच किंमत द्यावी.