चलच्चित्राचा जमाखर्च

लॅपटॉपच्या पडद्यावर पार्श्वभूमी म्हणून धबधब्याचे अथवा पावसाचे हलते चित्र असावे, अशी हौस ज्यांना वाटते, त्यांच्या पदरी बहुधा प्रथम निराशाच येते. कारण जे जिफ चित्र ब्राउझरमध्ये अखंड हलताना दिसते, तेच विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमधून वॉलपेपर म्हणून लावले, की पहिल्या फ्रेमपाशीच थबकते आणि धबधब्याचे पाणी कड्यावरच थिजते. यात फाइलीचा दोष नसतो आणि यंत्राचाही नसतो. चित्र हलते ठेवणे हे फाइलीचे नव्हे, तर ती उघडणाऱ्या प्रोग्रामचे काम आहे, आणि वॉलपेपर लावणाऱ्या त्या व्यवस्थेने ते काम आपल्या अखत्यारीत घेतलेलेच नाही.

जिफ हा चित्रप्रकार कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत, स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखाली, १९८७ साली सिद्ध झाला. टेलिफोनच्या तारांवरून मंदगतीने चालणाऱ्या तत्कालीन दळणवळणात रंगीत चित्रे सुकर रीतीने धाडता यावीत, हा त्याचा हेतू होता. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत प्रत्येक चित्रासोबत ते किती वेळ दाखवावे याची नोंद करण्याची तरतूद झाली. ही नोंद सेकंदाच्या शतांश भागांत असते. तेथे १० हा आकडा असेल, तर ते चित्र सेकंदाचा दहावा हिस्सा पडद्यावर राहते आणि मग पुढच्याला जागा देते. शेवटचे चित्र संपताच पुन्हा पहिल्याकडे वळावे, ही पुनरावृत्तीची सोय नव्वदीच्या दशकात नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरने रूढ केली. म्हणजे फाइलीत हालचाल अशी नसतेच. तिच्यात असतात ती काही स्थिर चित्रे आणि त्यांचे एक काटेकोर वेळापत्रक.

हालचाल जन्म घेते ती पाहणाऱ्याच्या मेंदूत. किंचित भिन्न अशी दोन स्थिर दृश्ये योग्य अंतराने एकामागून एक दाखवली, तर मन त्यांच्यात गती पाहते, हे माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून विशद केले. त्याच सुमारास आपल्याकडे दादासाहेब फाळके मनाच्या याच सामर्थ्याचा प्रत्यक्ष प्रत्यय घेत होते. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आणण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसामागून दिवस थोडीथोडी टिपली आणि अनेक दिवसांची ती संथ क्रिया काही क्षणांत पडद्यावर उलगडून दाखवली. बी कोणत्या वेगाने वाढावे हे निसर्गाने ठरवले होते. ते कोणत्या वेगाने दिसावे हे फाळक्यांनी ठरवले. जिफ फाइलीतील शतांश सेकंदाची ती नोंद याच अधिकाराची छोटी सनद आहे.

डेस्कटॉपवर हालचालीला मुभा देण्याचे प्रयत्न पूर्वी झाले होते. १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीबरोबर ॲक्टिव्ह डेस्कटॉप नावाची सोय आली. तिच्यामुळे संपूर्ण वेबपान पार्श्वभूमीला लावता येई आणि त्या पानावरचे जिफ चित्रही हलत राही. विंडोजच्या व्हिस्टा या आवृत्तीत ती सोय गेली. व्हिस्टाच्याच अल्टिमेट या महागड्या प्रकारात ड्रीमसीन नावाने चलच्चित्राची पार्श्वभूमी मिळाली खरी, परंतु विंडोज ७ मध्ये तीही काढून घेण्यात आली.

आज हे काम लाइव्हली वॉलपेपर हा विनामूल्य किंवा वॉलपेपर इंजिन हा सशुल्क प्रोग्राम करतो, आणि त्यांची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. डेस्कटॉप वरवर एक सपाट पृष्ठभाग भासतो. वस्तुतः रंगमंचाप्रमाणे त्यातही एकामागे एक थर असतात. सर्वांत मागे वॉलपेपर, त्याच्या पुढे फाइलींची चिन्हे, आणि त्यांच्याही पुढे आपण उघडलेल्या खिडक्या. असा प्रोग्राम विंडोजला एक विशिष्ट संदेश पाठवतो, त्यासरशी चिन्हे आणि वॉलपेपर यांच्या मध्ये एक नवी रिकामी खिडकी निर्माण होते, आणि त्या खिडकीत तो आपले चित्र खेळवत राहतो. मूळ वॉलपेपर जागच्या जागी असतोच. तो केवळ झाकला जातो.

परंतु या शोभेचे मोल द्यावे लागते. १९२० बाय १०८० पिक्सेलांच्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात, आणि प्रत्येक बिंदूस चार बाइट धरले, तर एक पूर्ण चित्र सुमारे ८३ लाख बाइटांचे होते. पडदा सहसा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. चित्र स्थिर असेल, तर काहीच बदललेले नाही हे ओळखून यंत्रणा पुन्हा रंगवण्याचे श्रम टाळते. अनेक नव्या लॅपटॉपांच्या पडद्यात तर स्वतःची स्मृती असते, तीतून तो जुनेच चित्र दाखवत राहतो आणि तेवढा काळ ग्राफिक्सचा भाग विश्रांती घेतो. म्हणजे स्थिर पडदा ही बॅटरीची मूक बचत आहे, आणि हलते चित्र लावताच ती विश्रांती मोडते.

यातही तारतम्य आहे. जिफ चित्रास २५६ रंगांचीच मर्यादा असल्याने संध्याकाळच्या आकाशाचे त्यात पट्टे पडतात, आणि त्याची उकल बहुधा मुख्य प्रोसेसरलाच करावी लागते. उलट एमपी४ फाइलीतील व्हिडिओ फ्रेमगणिक सगळे चित्र साठवीत नाही, मागील फ्रेमहून काय सरकले आणि काय बदलले तेवढेच नोंदवतो. शिवाय त्याची उकल करणारा स्वतंत्र विभाग आजच्या बहुतेक प्रोसेसरांत घडवलेलाच असतो. म्हणून आवडते जिफ चित्र व्हिडिओत रूपांतरित करून लावणे हेच शहाणपणाचे.

दुसरा खर्च आपल्या अवधानाचा. दृष्टिपटलाचा जो इवलासा मध्यभाग अक्षरे वाचतो, त्याच्या भोवतीचा विस्तीर्ण प्रदेश तपशिलात दुबळा, परंतु हालचालीविषयी अत्यंत सावध असतो. कोपऱ्यात काही हलले, की नजर तिकडे वळते, मग ते श्वापद असो वा वॉलपेपरवरचे पान. याच कारणाने वेबपानांच्या सुगमतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत असा दंडक आहे, की आपोआप सुरू होऊन इतर मजकुराशेजारी पाच सेकंदांहून अधिक काळ हलत राहणारे दृश्य थांबवण्याची सोय वाचकाला असली पाहिजे, आणि सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा काही लखलखू नये. ॲपलने २०२३ साली आपल्या संगणकप्रणालीच्या सोनोमा या आवृत्तीत निसर्गदृश्यांचे हलते वॉलपेपर दिले, तेव्हा लॉगिन होताच दृश्य हळूहळू मंदावून स्थिर व्हावे अशी रचना केली. स्वागताला गती आणि कामाला स्थैर्य, हा त्यातील विवेक मला मनापासून आदरणीय वाटतो.

तोच विवेक आपल्यालाही पाळता येईल. लाइव्हली वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये लॅपटॉप बॅटरीवर असताना, अथवा एखादा प्रोग्राम सारा पडदा व्यापून असताना, चित्र थांबवण्याची तजवीज आहे. ती प्रथम करावी. चित्र निवडताना मंद गतीचे, थोड्या रंगबदलांचे, आणि जेथे संपते तेथूनच सहज पुन्हा सुरू होणारे पाहावे. मग पडद्यावर पाऊस खुशाल पडू द्यावा. यंत्राच्या शक्तीतून आणि मनाच्या एकाग्रतेतून त्याच्यासाठी काय वेचले जाते, हे जाणून केलेली हौस ही उधळपट्टी नव्हे. विज्ञानाचा तो डोळस उपभोग होय.