हायडॅटिडची गाठ : सुरी कधी, सुई कधी

पोट दुखतं म्हणून किंवा भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात यकृतात ‘हायडॅटिड सिस्ट’ निघाली, की घरात पहिला प्रश्न उठतो तो ऑपरेशन कधी, हाच. या दुखण्याच्या मुळाशी असतो कुत्र्याच्या आतड्यात राहणारा, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा एकिनोकॉकस नावाचा जंत. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत पडतात. चरताना ती मेंढ्यांच्या पोटात जातात. न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून किंवा कुत्र्याच्या केसांवरून हाताला लागून माणसाच्याही पोटात जातात. अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे आधी यकृतात पोचते, म्हणून सुमारे ७० टक्के गाठी तिथेच सापडतात. ही कॅन्सरची गाठ नव्हे. ती वर्षानुवर्षं सावकाश वाढते, त्यामुळे विचार करून उपचार ठरवायला बहुतेकदा सवड असते. ती सवड वापरायलाच हवी, कारण गाठ दिसली की पोट उघडायचं, हा हिशेब आता धरता येत नाही. गाठ कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी पाहायचं आणि मग हत्यार निवडायचं.

शस्त्रक्रियेबद्दल एवढी सावधगिरी का, हे टेबलावर काय घडतं ते पाहिलं की कळतं. गाठीतलं पाणी झऱ्याच्या पाण्यासारखं नितळ असतं, पण त्यात जंताची असंख्य सूक्ष्म डोकी असतात. चार थेंब पोटात सांडले तर नव्या गाठी रुजू शकतात, किंवा तीव्र ॲलर्जी येऊन रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. म्हणून सर्जन आधी गाठीभोवती जंतुनाशक द्रावणात भिजवलेले कपडे दाबून बसवतात, मग पाणी ओढून घेतात, आणि त्यानंतरच आतलं पांढरं, लिबलिबीत आवरण अलगद बाहेर काढतात. उरलेल्या पोकळीत स्वच्छ पांढरा गॉज दाबून पाहतात. त्यावर पिवळा डाग उमटला तर पित्तनलिका गाठीत उघडली आहे, असं समजायचं आणि ते तोंड टाक्यांनी बंद करायचं. ते नजरेतून सुटलं तर ऑपरेशननंतर नळीतून दिवसेंदिवस पित्त झिरपत राहतं. पूर्वी जंत मारण्यासाठी पोकळीत फॉर्मलिन सोडत. त्याने पित्तनलिकाच कायमच्या खराब झाल्याची उदाहरणं दिसल्यावर तो मार्ग सुटला.

दुसरा मार्ग पोट न उघडता, बाहेरून सुई घालून गाठ रिकामी करण्याचा. त्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच देशातून आला. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर संस्थेतले डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि सहकाऱ्यांनी ५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटावर शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटात सोनोग्राफीवर बघत सुई घालून पाणी काढलं आणि जोडीला अल्बेंडाझोल या जंतनाशक औषधाच्या गोळ्या दिल्या. १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. सुईच्या गटाचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी ४.२ दिवसांचा होता, शस्त्रक्रियेच्या गटाचा १२.७ दिवसांचा. गुंतागुंत अनुक्रमे ३२ आणि ८४ टक्के रुग्णांत झाली, आणि गाठी मात्र दोन्हीकडे सारख्याच आटोक्यात आल्या. पन्नास रुग्ण म्हणजे फार नव्हेत, हे खरं. पण सुई टोचली की ॲलर्जीने माणूस दगावेल, या भीतीपायी कित्येक दशकं ही वाट बंद होती, ती भीतीही पुढे अवाजवी ठरली. २०११ साली जगभरातल्या जवळपास ६,००० प्रक्रियांची नोंद तपासली गेली, तेव्हा त्या कारणाने झालेले मृत्यू दोनच निघाले. भूलतज्ज्ञ आणि औषधं हाताशी ठेवूनच हे करायचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

मग सर्जनची गरजच संपली का? मुळीच नाही. गाठीच्या पोटात द्राक्षांच्या घडासारख्या पिल्लू-गाठी भरल्या असतील तर सुईने त्या रिकाम्या होत नाहीत. गाठ पित्तनलिकेत फुटून कावीळ झाली असेल, तिच्यात पू झाला असेल, किंवा ती पृष्ठभागावर येऊन फुटण्याच्या बेतात असेल, तर शस्त्रक्रियाच हवी, आणि ती वेळेवर हवी. अशा वेळी गोळ्यांवर रेंगाळणं हाही हलगर्जीपणाच. आता अनुभवी हातांनी हे काम दुर्बिणीतूनही होतं, कोइंबतूरचे डॉ. सी. पलनिवेलू यांनी तर पाणी न सांडता गाठ रिकामी करणारी खास नळी त्यासाठी बनवली. याच्या उलट, जी गाठ आतून घट्ट होऊन चुन्यासारखी कडक झाली आहे आणि काही त्रास देत नाही, तिला हातच लावू नये, ठराविक काळाने सोनोग्राफी करत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न तज्ज्ञगटाने २०१० साली सुचवलं. अंगात जंत ठेवून कसं जगायचं, हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक आहे. पण अशा गाठीतला जंत बहुधा निकामी झालेला असतो, आणि निकामी गाठीसाठी यकृतावर सुरी चालवणं रोगापेक्षा जास्त नुकसान करू शकतं.

म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गाठ कोणत्या टप्प्यात आहे, सुईने काम भागेल का, आणि ऑपरेशनच्या आधी व नंतर अल्बेंडाझोल किती दिवस घ्यायचं. घरी किंवा कळपाबरोबर कुत्रा असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला नियमित जंतांचं औषध द्या, आणि कापलेल्या शेळीमेंढीचं काळीज, फुप्फुस त्याच्यापुढे कच्चं टाकू नका.