बांगलादेशला वीज विकायची परवानगी कोण देतं? खान्देशातल्या माणसाला त्यात बोलता येतं का?

‘आपल्याला लोडशेडिंग आणि वीज मात्र बांगलादेशला’ असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यातलं किती खरं?

वीज जाते, हे खरं. २०१६-१७ मध्ये भारत पहिल्यांदाच आयातीपेक्षा जास्त वीज निर्यात करणारा देश ठरला. एप्रिल ते फेब्रुवारी या ११ महिन्यांत नेपाळ, बांगलादेश आणि म्यानमारला मिळून सुमारे ५८० कोटी युनिट गेली. आकडा मोठा वाटतो, पण त्या वर्षी देशातली निर्मिती एक लाख कोटी युनिटांच्या वर होती. म्हणजे शंभर युनिटांमागे साधारण अर्धं युनिट. रावेर-यावलच्या केळीला रात्री उठून पाणी भरावं लागतं, कारण शेतीची थ्री-फेज वीज पाळीने मिळते. ते वेळापत्रक महावितरणचं असतं, ढाक्याचं नाही.

मग परवानगी कोण देतं?

केंद्र सरकारने १८ डिसेंबर २०१८ रोजी सीमापार वीज व्यापाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा एक सदस्य अर्ज तपासून मंजुरी देतो. कोळशाची वीज निर्यात करायची असेल, तर कोळसा आयातीचा, ई-लिलावातला किंवा व्यावसायिक खाणीतला असावा लागतो. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्राची वीज तर करारानुसार महावितरणकडेच येते.

प्रत्येक अर्जावर गावोगावी जनसुनावणी होत नाही. तत्त्वं बदलणंही सरकारच्या हातात आहे, आणि ती किती झटपट बदलतात याचं उदाहरण ताजं आहे. झारखंडमधल्या गोड्डा इथला अदानी पॉवरचा १,६०० मेगावॉटचा प्रकल्प फक्त बांगलादेशसाठी उभा राहिला. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना देश सोडून गेल्या. १२ ऑगस्टला केंद्राने दुरुस्ती केली: परदेशी ग्राहकाने वीज उचलली नाही किंवा पैसे थकवले, तर अशा प्रकल्पाला भारतातही वीज विकता येईल.

आपण बोलायचं कुठे?

पहिली जागा, नियम बनताना. सीमापार व्यापाराचे तपशीलवार विनियम केंद्रीय वीज नियामक आयोग करतो. ते त्याने २०१९ मध्ये केले. वीज कायदा २००३ च्या कलम १७८ नुसार विनियम आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावेच लागतात. तेव्हा कोणीही लेखी सूचना पाठवू शकतो. मसुदा इंग्रजीत आणि आयोग दिल्लीत, त्यामुळे शिंदखेड्याच्या शेतकऱ्यापर्यंत हे पोहोचत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरी जागा आपल्या अधिक जवळची आहे. धुळे हा देशाच्या वीजजाळ्यातला मोठा सांधा आहे. औरंगाबाद-धुळे आणि धुळे-वडोदरा या ७६५ केव्हीच्या लाइन इथे एकत्र येतात. त्या भोपाळ-धुळे ट्रान्समिशन कंपनीने बांधल्या. राज्याची हद्द ओलांडणाऱ्या अशा लाइनचा परवाना मागितला, की कलम १५ नुसार अर्जदाराला सात दिवसांत जाहीर सूचना द्यावी लागते. हरकत तिथून ३० दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे. त्यानंतर आलेली विचारात घेतली जात नाही.

ही मुदत निसटते आणि मग एक दिवस शेतात टॉवरचा खड्डा दिसतो. तेव्हा प्रश्न उरतो मोबदल्याचा. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के असं सुचवलं आहे. आधी, २०१५ मध्ये, हे प्रमाण ८५ आणि कमाल १५ टक्के होतं. राज्यं या सूचना स्वीकारतात किंवा स्वतःचे दर ठरवतात, म्हणून टॉवर आला तर तहसील कार्यालयात आधी राज्याचा सध्याचा शासन निर्णय मागा.

तिसरी जागा वीजदराची. महावितरणच्या दरप्रस्तावावर कलम ६४ नुसार राज्य आयोगाला लोकांच्या हरकतींचा विचार करावाच लागतो. सूचना मराठी वर्तमानपत्रांतही येते आणि हरकत ऑनलाइन नोंदवता येते. प्रत्यक्ष सुनावणी आपल्या विभागासाठी नाशिकला झालेली आहे, म्हणजे जळगावहून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एवढं जाणं जमणार नसेल, तर निदान मुदतीत लेखी हरकत पाठवा आणि पोच जपून ठेवा.