ट्यूनाच्या मागावर चौघे दोस्त

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या मिशन बेमधून उन्हाळ्यात पहाटेच्या कितीतरी आधी छोट्या बोटी सुटतात. लांबी वीस-पंचवीस फूट, बोट एकाची, सोबत दोन-तीन मित्र आणि पेट्रोलचा खर्च सगळ्यांत वाटलेला. आमिष विकणाऱ्या तराफ्याशी थांबून जिवंत तारल्या टाकीत भरून घ्यायच्या आणि बोटीचं तोंड खुल्या पॅसिफिककडे वळवायचं. सॅन क्लेमेंटी बेट गाठायचं तर सुमारे ११० किलोमीटर. कॉर्टेझ बँक हा पाण्याखालचा डोंगर त्याहून दूर, १६० किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरावर मोबाइल कामाचा नाही. भिस्त असते ती व्हीएचएफ रेडिओवर आणि संकटात उपग्रहाला इशारा धाडणाऱ्या यंत्रावर. इंधनाचा हिशेबही जुना आणि कडक: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं राखीव.

मोठा ट्यूना हौसेने गरवण्याच्या या खेळाचा जन्मही याच किनाऱ्यावरचा. १८९८ साली कॅटलिना बेटाजवळ चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या निसर्गलेखकाने काठी आणि रीळ वापरून १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ब्लूफिन ट्यूना ओढून काढला. त्याच वर्षी त्याने बेटावरच्या अ‍ॅव्हलॉन गावात ‘ट्यूना क्लब’ काढला. पुढे तिथल्याच जॉर्ज फार्न्सवर्थ या कप्तानाने चक्क पतंग वापरायला सुरुवात केली. ब्लूफिनची नजर तीक्ष्ण. पाण्यात दोरी दिसली की तो आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून दोरी पतंगाला टांगून उडणारा मासा बोटीपासून दूर, लाटेच्या पाठीवर नाचवायचा. आजही तेच चालतं. वारा पडला, तर पतंगाला हेलियमचा फुगा बांधतात.

पण आधी मासा सापडला पाहिजे. आदल्या रात्री मित्रमंडळी उपग्रहाने टिपलेले पाण्याच्या तापमानाचे नकाशे उघडून बसतात. कोमट निळं पाणी आणि गार हिरवट पाणी जिथे एकमेकांना भिडतं, तिथे बारीक मासळी गोळा होते आणि तिच्यामागे ट्यूना येतो. समुद्रावर पोचल्यावर दुर्बीण डोळ्यांना: घिरट्या घालणारे पक्षी, डॉल्फिनचे कळप, मुळापासून सुटून तरंगणाऱ्या केल्प या समुद्री शेवाळाच्या चटया. अनेकदा दिवसभर काहीच दिसत नाही आणि पेट्रोल मात्र जळत राहतं.

गरी लागली की बोटीवर एकच धांदल. बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळायच्या, एकाने सुकाणू धरून माशाच्या मागे जायचं, एकाने आकडा घेऊन तयार राहायचं. रीळ किंचाळत शेकडो फूट दोरी सोडतं. या ताकदीचं रहस्य माशाच्या रक्ताभिसरणात आहे. बहुतेक माशांचं शरीर पाण्याइतकंच थंड असतं. ट्यूनाच्या अंगात मात्र गरम आणि गार रक्ताच्या बारीक वाहिन्या एकमेकींना खेटून वाहतात, त्यामुळे स्नायूंची ऊब कल्ल्यांतून वाया जात नाही. गार पाण्यातही त्याचे स्नायू गरम राहतात. दमल्यावर तो बोटीखाली गोल गोल फिरू लागतो. दोरी प्रोपेलरला घासून तुटते, ती बहुधा याच वेळी.

हीच ऊब नंतर घात करते. झुंजीने तापलेलं मांस तसंच ठेवलं, तर त्यात जिवाणूंमुळे हिस्टामीन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि खाणाऱ्याच्या अंगावर लाली, पित्त उठतं. म्हणून मासा वर येताच कल्ल्यांमागे सुरी घालून रक्त काढतात आणि तो समुद्राचं पाणी व बर्फाच्या काल्यात बुडवतात. आपल्या कोकणातला कुपा याच कुळातला. त्यालाही हाच नियम लागू.

कॅलिफोर्नियाजवळचे हे ब्लूफिन जन्मतात मात्र जपानच्या बाजूला आणि कोवळ्या वयात अख्खा पॅसिफिक ओलांडून येतात. ऑगस्ट २०११ मध्ये सॅन दिएगोजवळ पकडलेल्या १५ माशांत जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या दुर्घटनेतलं किरणोत्सारी सीझियम सापडलं. प्रमाण अगदी नगण्य होतं, पण त्या प्रवासाचा पुरावाच हाती आला.

बेसुमार मासेमारीमुळे २०१०च्या सुमारास अंडी घालण्याजोगे पॅसिफिक ब्लूफिन मूळच्या अवघे दोनेक टक्के उरले होते. देशोदेशींनी पकडीवर मर्यादा घातल्या. कॅलिफोर्नियानेही २०१५ मध्ये हौशी गरवणाऱ्यांची रोजची मर्यादा माणशी दहावरून दोनवर आणली. २०२४च्या शास्त्रीय पाहणीत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या उद्दिष्टापलीकडे गेल्याचं दिसलं. हौशी मंडळींना मासा विकायची मात्र परवानगी नाही. त्यामुळे चाळीस किलोंचा एकच ब्लूफिन मिळाला, तरी धक्क्यावर सुऱ्या चालतात, पिशव्या भरतात आणि शेजारीपाजारी, नातेवाईक सगळ्यांना फोन जातात.