चौकट न पाहता

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये मणि कौल यांना ऋत्विक घटकांनी शिकवलं. १९६६ साली कौल तिथून बाहेर पडले, आणि गुरूच्या वळणावर त्यांनी एकही चित्रपट काढला नाही. घटकांच्या पडद्यावर फाळणीचा आक्रोश. कौलांच्या पडद्यावर आवाजही चढत नाही. त्यांना ओढ होती फ्रान्सच्या ब्रेसाँची.

'उसकी रोटी' (१९६९) ही मोहन राकेश यांची कथा. नवऱ्यासाठी भाकरी घेऊन रस्त्याकडेला त्याच्या बसची वाट पाहणारी बालो, बस्स. छायाचित्रकार के. के. महाजन यांनी हा चित्रपट मुख्यतः दोनच भिंगांवर टिपला, २८ आणि १३५ मिलिमीटर. आधी वाटतं, एक भिंग घडतंय ते दाखवतं आणि दुसरं बालोच्या मनातलं. मग कौल ही वाटणीच उलटीपालटी करतात. चित्रपट कंटाळवाणा आहे ही तक्रार अगदीच खोटी नाही. पहिल्या खेपेला मीही घड्याळ पाहिलं होतं.

विजयदान देथांच्या कथेवरच्या 'दुविधा'ला (१९७३) दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सत्यजित राय यांना मात्र चित्रपट पटला नाही, आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. त्याच कथेवर २००५ साली अमोल पालेकरांनी शाहरुख खानला घेऊन 'पहेली' काढला. शाहरुख त्याआधी कौलांच्याही कॅमेऱ्यासमोर उभा राहिला होता, दोस्तोयेव्स्कीच्या 'इडियट'मध्ये. हे त्याच्या चाहत्यांना सांगितलं तर विश्वास बसत नाही.

मराठी प्रेक्षकाची खरी अडचण 'घाशीराम कोतवाल' (१९७६). युक्त या सहकारी संस्थेतून कौलांसह काही तरुणांनी मिळून केलेला चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची, नाना फडणवीस मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. जब्बार पटेलांच्या नाटकाचा ठेका कानात घेऊन तो पाहायला बसलात तर फसगत ठरलेली. मला विचाराल तर तो नाटकापेक्षा थंड आहे, आणि म्हणूनच सत्तेचा हिशेब त्यात जास्त उघडा पडतो.

मग धृपद आलं. कौल डागरबंधूंकडे नुसते 'धृपद' (१९८२) हा चित्रपट करायला गेले नाहीत, शिकायला बसले. झिया मोहिउद्दीन आणि झिया फरीदुद्दीन, दोघांचाही त्यांच्यावर ठसा उमटला. आलापात गायक रागाची बढत सुरासुरांनी करत जातो, पुढची जागा आधी लिहून ठेवलेली नसते. कौलांचं छायाचित्रण त्याच दिशेने सरकलं. 'नौकर की कमीज'च्या (१९९९) वेळी त्यांनी कॅमेरामनला चित्रण करताना व्ह्यूफाइंडरमधून पाहायचंच नाही असं सांगितलं. चौकट आधी ठरली की तिच्यात येईल तेवढंच दिसतं, म्हणून.

शिकवणंही असंच. नेदरलँड्समध्ये ते धृपद शिकवत, हार्वर्डमध्ये सिनेमा. पुण्याच्या संस्थेत घडलेला गुरविंदर सिंग त्यांच्याजवळ आला. त्याच्या 'अन्हे घोडे दा दान' या पंजाबी चित्रपटाचे ते क्रिएटिव्ह प्रोड्यूसर होते. त्या चित्रपटातली धुकट सकाळ, कोंडलेला राग, गावच्या माणसांचे खरे चेहरे हे गुरविंदरचे स्वतःचे आहेत, कौलांची नक्कल नाही.

६ जुलै २०११ रोजी कौल गेले. दोन महिन्यांनी 'अन्हे घोडे दा दान' व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला, आणि पुढे त्याला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.