वजीर गेला आणि राज्यही गेलं: बर्लिन डिफेन्सची गोष्ट

मागच्या आठवड्यात मी अॅपवर सलग चार डाव हरलो. ओपनिंग तोंडपाठ होती, तरीही. मग लक्षात आलं, मी फक्त चाली पाठ करत होतो. समोरच्याला काय खेळायला आवडत नाही, याचा विचारच केला नव्हता. मोठे खेळाडू नेमका तोच विचार करतात. त्याचं एक भारी उदाहरण आज सांगतो.

साल २०००, लंडन. गॅरी कास्पारोव्ह १९८५ पासून जगज्जेता. समोर २५ वर्षांचा व्लादिमिर क्रामनिक. आता गंमत बघा, १९९५ मध्ये कास्पारोव्ह आपल्या विश्वनाथन आनंदशी जगज्जेतेपदाची लढत खेळला, तेव्हा त्याच्या तयारीच्या टीममध्ये हाच क्रामनिक होता! त्यामुळे त्याला पक्कं ठाऊक होतं: पटावर वजीर असले की कास्पारोव्ह हल्ला चढवून चिरडून टाकतो.

म्हणून काळ्या मोहऱ्यांनी खेळताना क्रामनिकने बर्लिन डिफेन्स काढलं. त्याच्या मुख्य प्रकारात आठव्या चालीलाच दोन्ही वजीर पटाबाहेर जातात. काळ्याचा राजा मधेच उभा, कॅसलिंग कायमचं गेलेलं, एकाच रांगेत एकामागे एक दोन प्यादी. वरवर पाहिलं तर पांढऱ्याचं बरं चाललंय असंच वाटतं. पण हल्ला करायला वजीरच नाही! शिवाय काळ्याचे दोन्ही उंट शाबूत. तटबंदी काही फुटत नाही. म्हणूनच तिला 'बर्लिनची भिंत' म्हणतात.

कास्पारोव्हने पहिल्या, तिसऱ्या, नवव्या आणि तेराव्या डावात या भिंतीवर धडका दिल्या. चारही डाव बरोबरीत. तेरावा तर अवघ्या १४ चालींत संपला. क्रामनिकने पांढऱ्या मोहऱ्यांनी दोन डाव जिंकले आणि ८.५–६.५ ने जगज्जेतेपद घेतलं. कास्पारोव्हला १५ डावांत एकही विजय मिळाला नाही.

आणि २००८ मध्ये बॉनला हाच डाव क्रामनिकवर उलटला. एरवी राजापुढचं प्यादं ढकलणाऱ्या आनंदने पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं ढकललं. काळ्याने तर धारदार मेरान प्रकार खेळून तिसरा आणि पाचवा डाव मारला. निकाल ६.५–४.५, आनंद जगज्जेता!

म्हणजे सगळ्यात चांगली ओपनिंग अशी काही नसते. आपल्याला मानवणारी आणि समोरच्याला नको असलेली, तीच चांगली. आज झोपण्याआधी आपले शेवटचे दहा डाव उघडून बघा: वजीर गेल्यावर तुम्ही जास्त जिंकता की हरता? उत्तर सापडलं की ओपनिंग निवडणं सोपं होईल. मीही तेच करणार आहे. भेटू पुढच्या भागात!